देवळालीचा ताप आणि नॉर्वेतले टेक्सास

एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे इंग्रजीत जरा गमतीने सांगायचे असेल, तर तो 'डूलॅली' झाला असे म्हणतात. शब्द कानाला बडबडगीतातला वाटतो, आणि तो वापरणाऱ्या बहुतेक इंग्रजांना त्यामागे नाशिकजवळचे एक गाव उभे आहे याची गंधवार्ताही नसते. ते गाव म्हणजे देवळाली. १८६१ च्या सुमारास तिथे ब्रिटिश फौजेची छावणी वसली. नव्याने येणाऱ्या गोऱ्या शिपायांना हिंदुस्थानच्या हवेची सवय व्हावी आणि मुदत संपलेल्यांना मायदेशी जाण्यापूर्वी मुक्कामाला जागा असावी, असा तिचा दुहेरी उपयोग होता. घाटमाथ्यावरची हवा बरी होती, रेल्वेमुळे मुंबई बंदरही फार लांब राहिले नव्हते.

अडचण जहाजांची होती. फौजेची ने-आण करणारी जहाजे साधारणपणे ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. त्यामुळे ज्याची मुदत एप्रिलमध्ये भरली त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. वर्षानुवर्षे बिगुलाच्या तालावर उठणाऱ्या-बसणाऱ्या माणसाला एकाएकी कवायत नाही, पहारा नाही, मोहीम नाही, आणि घर तर डोळ्यांसमोर दिसते आहे पण तिथे जाता येत नाही. मग दारू आली, भांडणे आली, बाजारातल्या वस्तीतून जडलेले गुप्तरोग आले, आणि उन्हाळ्यात मलेरिया तर होताच. रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधल्या फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या छावणीचे वर्णन येते. कंटाळ्याने माणसे तिथे चमत्कारिक वागू लागत, आणि त्या वागण्यावरूनच 'त्याला डूलॅली टॅप झाला आहे' हे शिपायांच्या तोंडचे वाक्य रूढ झाले असावे, असा त्यांचा तर्क आहे. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे उरले. (मराठीत आपण ज्याला 'डोक्याला ताप' म्हणतो, त्याच्या इतक्या जवळ तो गोरा शिपाई आपल्याच शब्दाच्या आधाराने येऊन पोहोचला होता, हे मला नेहमी मजेशीर वाटते.)

आता यात देवळालीकडे कसला दोष जातो? तिथली माती, पाणी, माणसे यांपैकी कशानेही कोणाला वेड लागले नव्हते. उलट मुंबईची माणसे पुढे हवापालटासाठी तिथे जात राहिली, आरोग्यधामे उभी राहिली, आणि आज तोफखान्याच्या प्रशिक्षणासाठी ते गाव ओळखले जाते. वेड लावले ते जहाजांच्या वेळापत्रकाने आणि मोकळ्या बसलेल्या माणसांचे काय करायचे याचा विचार न करणाऱ्या सैन्यव्यवस्थेने. पण वेळापत्रकाच्या नावाने शब्द तयार होत नाहीत. जिथे त्रास झाला त्या जागेचे नाव जिभेवर राहते, कारण त्रास देणारा वरिष्ठ असतो आणि जागा बिचारी मुकी असते.

परक्या गावांची, देशांची नावे बोलीभाषेत कशी शिरतात हे पाहण्याचा मला बरीच वर्षे नाद आहे, आणि देवळालीने त्या नादाला एक दिशा दिली. असा शब्द समोर आला की त्या गावच्या लोकांत खरोखर तसे काही आहे का, हा प्रश्न मी आधी विचारत नाही. शब्द घडवणारा त्या वेळी कुठे उभा होता, त्याला काय हवे होते आणि काय मिळत नव्हते, हे आधी शोधतो. दहापैकी आठ वेळा उत्तर तिथेच सापडते.

नॉर्वेचे उदाहरण घेऊ. एखाद्या ठिकाणी नुसता धुमाकूळ माजला, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात राहिला नाही, की नॉर्वेजियन माणूस 'हेल्ट टेक्सास' म्हणतो, म्हणजे 'पुरते टेक्सास झाले होते'. नॉर्वेजियनमध्ये हा शब्द या अर्थाने लहान लिपीतल्या पहिल्या अक्षराने लिहितात, म्हणजे तो विशेषनाम राहिलेलाच नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे हा बारकावा इथे दाखवता येत नाही. अरुंद रस्त्यावरून बेदरकारपणे ट्रक हाकणारे परदेशी चालक पाहून पोलीस अधिकारी असे म्हणतो, आणि अवचित एखादा अजस्र मासा गळाला लागल्यावर कोळीही तेच म्हणतो. २०१५ साली हा वाक्प्रचार खुद्द टेक्सासमधल्या लोकांच्या कानावर गेला, आणि तो समाजमाध्यमांवरून जगभर फिरला. टेक्सासवासी रागावले नाहीत. ते खूश झाले.

वरवर पाहता यामागे हॉलिवूडचे घोडेस्वार आणि पिस्तुले आहेत, आणि तेवढे सांगून बहुतेक लेख थांबतात. पण नॉर्वे आणि टेक्सास यांचा संबंध इतका दुरून बांधलेला नाही. १८२५ साली स्टाव्हांगेर बंदरातून स्थलांतरितांचे एक छोटे जहाज अमेरिकेला निघाले. नॉर्वेतून संघटितपणे गेलेली ती पहिली तुकडी, आणि तिच्यासाठी आधी जाऊन वाट शोधून ठेवणारा माणूस होता क्लेंग पीर्सन. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे ८ लाख नॉर्वेजियन माणसे अटलांटिक ओलांडून गेली. एवढ्याशा देशाच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. हा पीर्सन उतारवयात टेक्सासमधल्या बॉस्की परगण्यात जाऊन राहिला आणि १८६५ साली तिथेच वारला. 'नॉर्स' नावाच्या तिथल्या वस्तीत त्याचे थडगे आहे. तिथे गेलेले नॉर्वेजियन शेतकरी पिस्तुले उडवत नव्हते. ते गहू पेरत होते आणि रविवारी ल्यूथरन चर्चमध्ये जात होते.

तरी नॉर्वेत राहिलेल्यांच्या मनात जे टेक्सास ठसले ते हे शेतकऱ्यांचे टेक्सास नव्हे. १९६६ पासून नॉर्वेत मॉर्गन केन नावाच्या टेक्सास रेंजरच्या कथांची मालिका निघू लागली. तिची ८३ पुस्तके झाली आणि लाखो प्रती खपल्या. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर लुई मास्टरसन असे अस्सल अमेरिकी छापलेले असे. प्रत्यक्षात तो शेल हालबिंग नावाचा नॉर्वेजियन गृहस्थ होता आणि बँकेत नोकरी करत होता. म्हणजे नॉर्वेतले 'टेक्सास' बऱ्याच अंशी नॉर्वेतच, बँकेची वेळ संपल्यावर, टंकलेखन यंत्रावर तयार झालेले आहे. शिस्तशीर, मोजून-मापून वागणाऱ्या, रांगेत दोन माणसांमध्ये भरपूर अंतर ठेवणाऱ्या समाजाला आपल्या अंगणात परवडणार नाही असा एक मोकळा गोंधळ कुठेतरी असायला हवा होता, आणि तो त्यांनी परक्या भूमीवर नेऊन ठेवला. गंमत म्हणजे आज स्टाव्हांगेर ही नॉर्वेच्या तेलाची राजधानी असून टेक्सासमधले ह्यूस्टन हे तिचे भगिनी शहर आहे. तिथल्या कचेऱ्यांत टेक्सासची माणसे येऊन-जाऊन असतात, आणि ती तेलविहिरींच्या सुरक्षेचे नियम काटेकोरपणे पाळणारी माणसे आहेत. शब्दावर याचा काडीमात्र परिणाम झालेला नाही.

दूरच्या मुलखाची गोष्ट वेगळी आणि शेजाऱ्याची वेगळी. शेजाऱ्याविषयी अज्ञान नसते, हिशेब असतात. मेजवानीतून यजमानाचा निरोप न घेता गुपचूप सटकणे या क्षुल्लक अपराधासाठी युरोपात जे चालते ते पाहण्यासारखे आहे. इंग्रज याला 'फ्रेंच रजा' म्हणतो. फ्रेंच माणूस याच कृतीला 'इंग्रजी पद्धतीने निसटणे' म्हणतो. स्पॅनिश लोक फ्रेंचांच्या नावावर घालतात, इटालियन, पोलिश आणि रशियन इंग्रजांच्या नावावर, आणि जर्मन बोलीत फ्रेंचांबरोबर पोलिश माणसाचेही नाव येते. एवढी राष्ट्रे साक्षीला आहेत आणि आरोपी कोण यावर एकमत नाही, यावरून एवढाच निष्कर्ष निघतो की सटकतात सगळेच. संततिनियमनाच्या एका साधनालाही इंग्रजांनी फ्रेंचांचे आणि फ्रेंचांनी इंग्रजांचे नाव दिले होते. दोन्ही देशांतली सभ्यता शेजाऱ्याच्या खर्चाने राखली गेली.

न समजणाऱ्या गोष्टीचेही तसेच आहे. जर्मन माणसाला एखादा विषय अजिबात कळला नाही तर तो म्हणतो की ही माझ्यासाठी बोहेमियातली खेडी आहेत. बोहेमिया म्हणजे चेक लोकांचा मुलूख, आणि तिथल्या गावांची नावे जर्मन जिभेला वळत नसत. आता बोहेमियातली खेडी ज्यांच्या घरचीच आहेत त्या चेक माणसाने काय म्हणावे? तो म्हणतो, ही माझ्यासाठी स्पॅनिश खेडी आहेत. शेजारच्या पोलंडमध्ये पूर्ण गोंधळाला 'चेक चित्रपट' म्हणतात, कारण १९४७ च्या एका चेक चित्रपटाचे शीर्षकच 'कोणालाच काही माहीत नाही' अशा अर्थाचे होते. आणि तुर्की माणसाला विषय कळला नाही तर तो म्हणतो, 'मी फ्रेंच राहिलो.' हा वाक्प्रचार मला या साऱ्यांत सर्वांत सभ्य वाटतो. त्यात न समजल्याचे खापर समोरच्या भाषेवर फुटत नाही. न समजणारा क्षणभर स्वतःच परका होतो.

हिशेब चुकते करण्याची ही खोड रोगांच्या नावांत मात्र फार कडवट झाली. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स १४९५ मध्ये नेपल्सवर चालून गेला, त्याच्या भाडोत्री सैन्यात उपदंशाची साथ पसरली आणि सैन्य पांगले तशी ती युरोपभर गेली. इटलीत आणि जर्मनीत तिला फ्रेंच रोग म्हणू लागले. फ्रान्सने तो नेपल्सचा रोग ठरवला. रशियनांनी पोलंडकडे बोट दाखवले, पोलंडने जर्मनीकडे. तुर्कीत त्याचे नाव 'फ्रेंगी' पडले, म्हणजे फिरंग्यांचा. आणि सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' हा आयुर्वेदाचा ग्रंथ रचला तेव्हा त्याने या नव्या व्याधीला फिरंगरोग असे नाव दिले. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत नसलेला हा रोग पोर्तुगीज जहाजांच्या मागोमाग आला होता, आणि वैद्याने आपल्या परीने त्याची वाट नोंदवून ठेवली. या साखळीत प्रत्येकाने रोग आपल्याकडे ज्या दिशेने आला ती दिशा सांगितली, तेवढ्यापुरते प्रत्येकाचे म्हणणे बरोबर होते. चूक सुरू झाली ती त्यानंतर, दिशा ही त्या लोकांच्या चारित्र्याची खूण मानली गेली तेव्हा.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाची तर दिशाही चुकीची होती. पहिल्या महायुद्धात लढणाऱ्या देशांनी आपल्या वृत्तपत्रांवर बंधने घातली होती, स्पेन तटस्थ असल्यामुळे तिथल्या बातम्या मोकळेपणाने छापल्या गेल्या, त्यात राजा तेरावा आल्फोन्सो आजारी पडल्याची बातमी गाजली, आणि जगाला वाटले की साथ स्पेनमध्येच आहे. खरे सांगितल्याबद्दल एका देशाला शंभर वर्षे पुरेल असा हा दंड झाला. माद्रिदच्या लोकांनीही मग आपल्या परीने तो दंड पुढे सरकवला: तेव्हा तिथे गाजत असलेल्या एका संगीतिकेतल्या गाण्यावरून त्यांनी साथीला 'नेपल्सचा शिपाई' म्हटले. नेपल्सने कोणाचे काय घोडे मारले होते कोण जाणे. २०१५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानंतर पाचच वर्षांत आलेल्या साथीत ते किती पाळले गेले हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

काही नावे कौतुकाची वाटतात, आणि मला ती जास्त संशयास्पद वाटतात. स्पॅनिशमध्ये अतिमौल्यवान वस्तूला 'ती एका पोतोसीच्या मोलाची आहे' असे म्हणतात. फ्रेंचमध्ये 'हे काही पेरू नव्हे' म्हणजे 'यात काही घबाड नाही'. पोतोसी हे आजच्या बोलिव्हियातले शहर. तिथल्या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली आणि पुढची दीडशे-दोनशे वर्षे त्या चांदीवर स्पेनचे साम्राज्य चालले. त्या चांदीसाठी १५७० च्या दशकापासून आसपासच्या आदिवासी गावांना आळीपाळीने माणसे पुरवण्याची सक्ती होती. ती माणसे खाणीत उतरत, धूळ आणि पारा यांनी मरत. वाक्प्रचारात डोंगराची किंमत शिल्लक आहे, खाली उतरलेल्यांची नाही. आज पोतोसी हा एका गरीब देशातला गरीब प्रदेश आहे, आणि त्याच्या नावाने सोन्या-मोत्यांची किंमत सांगण्याची पद्धत माद्रिदमध्ये चालू आहे.

शांघायचे तर याहून विपरीत झाले. एखाद्याला दारू पाजून किंवा डोक्यात काठी घालून बेशुद्ध करायचे आणि लांबच्या सफरीला निघालेल्या जहाजावर खलाशी म्हणून टाकायचे, या प्रकाराला इंग्रजीत 'शांघाय करणे' म्हणत. हा धंदा सॅन फ्रान्सिस्को आणि पोर्टलंड या अमेरिकी बंदरांत चाले. गुत्तेवाले, खोल्या भाड्याने देणारे दलाल आणि जहाजांचे कप्तान यांची त्यात भागीदारी असे, आणि खलाशांच्या हक्कांसाठी १९१५ चा कायदा येईपर्यंत तो पुरता थांबला नाही. शांघाय हे फक्त त्या दुर्दैवी माणसाला शुद्ध येईल तेव्हा जहाज जिकडे निघालेले असेल अशा एका दूरच्या बंदराचे नाव होते. गुन्हा एका किनाऱ्यावर घडला आणि नाव बदनाम झाले ते पलीकडच्या किनाऱ्याचे.

आपण भारतीय या व्यवहारात कुठे आहोत? अनेक ठिकाणी, आणि कुठेही एकसारखे नाही. स्लोव्हेनियन आणि क्रोएशियन भाषांत 'इंदिया कोरोमांदिया' म्हणजे जिथे दुधा-मधाच्या नद्या वाहतात असा कल्पनेतला देश. कोरोमंडल किनाऱ्याचे नाव आड्रियाटिकच्या काठी जाऊन इंद्राची अमरावती झाले. जर्मन आणि नॉर्वेजियन माणसाला कोणाला हाकलून द्यायचे असेल तर तो म्हणतो, 'जा, जिथे मिरी पिकते तिकडे!' मिरीचे मूळ घर मलबार. म्हणजे नॉर्वेच्या बोलीत गोंधळाला टेक्सास आणि हद्दपारीला आपला किनारा अशी वाटणी आहे. टर्की नावाचा पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्कांनी 'हिंदी' असे आपले, फ्रेंचांनीही 'हिंदुस्थानातला' अशा अर्थाचे, आणि डच व स्कँडिनेव्हियन लोकांनी तर नेमके शहर शोधून कालिकतचे. कालिकतला वास्को द गामा १४९८ मध्ये उतरला. हा पक्षी तेव्हा त्या बंदरात कोणी पाहिलेलाही नव्हता. या शतकाच्या सुरुवातीला नोकऱ्या परदेशी जाऊ लागल्या तेव्हा अमेरिकेत नोकरी गमावलेला माणूस 'बंगलोर झाला' असे म्हणू लागले, पण तो शब्द फार टिकला नाही.

अरबीने मात्र मला सर्वांत जास्त विचारात पाडले आहे. आखातात आणि त्याच्या आसपासच्या अरबी बोलींत, कोणी आपल्याला फसवू पाहत असेल तर त्याला ठणकावतात: 'मी काय तुला हिंदी वाटलो?' म्हणजे भोळा, बावळट, काहीही सांगितले तरी खरे मानणारा. तिथे वर्षानुवर्षे राबणाऱ्या भारतीय माणसाच्या कानावर हे वाक्य पडतच असणार, आणि ते ऐकून तो टेक्सासवासीयांसारखा खूश होत नसणार. पण याच अरबीत जुन्या काव्यात 'मुहन्नद' हा उत्तम तलवारीला असलेला शब्द आहे, आणि त्याचा अर्थ हिंदुस्थानी पोलादाची अशी. मुलाचे नाव म्हणूनही तो आजतागायत आवडीने ठेवला जातो. एकाच भाषेत हिंद म्हणजे धारदार पोलाद आणि हिंद म्हणजे सहज फसणारा मजूर. मधल्या काळात भारतीयांचा स्वभाव तर काही बदललेला नाही. पूर्वी अरब व्यापारी आमच्या बंदरात माल घ्यायला येत होता, आता आमचा माणूस त्याच्या दारात काम मागायला उभा आहे. शब्द या उभे राहण्यातून बदलला.

आणि म्हणूनच 'हा तर नुसता विनोद आहे' हे उत्तर मला सरसकट पटत नाही. टेक्सासच्या लोकांना हसता आले, कारण नॉर्वेजियन माणसाच्या मनातल्या त्यांच्या चित्रामुळे त्यांचे काही अडत नव्हते. जर्मन भाषेत बजबजपुरीला 'पोलिश कारभार' म्हणण्याची रीत होती. गेओर्ग फोर्स्टर हा प्रवासी-विद्वान १७८४ मध्ये पोलंडकडे नोकरीसाठी निघाला तेव्हाच्या त्याच्या पत्रातही हा शब्द सापडतो. तेव्हा पोलंडचा एक लचका १७७२ मध्ये तोडला गेला होता, पुढे १७९३ मध्ये रशिया आणि प्रशिया या जर्मन राज्याने, आणि १७९५ मध्ये ऑस्ट्रियासह तिन्ही शेजाऱ्यांनी उरलेला देश वाटून घेतला. ज्यांचा कारभारच हिसकावून घेतला त्यांना कारभार जमत नाही असे म्हणत राहणे फार सोयीचे असते, आणि प्रशियाच्या अधिकाऱ्यांना ती सोय पुढे सव्वाशे वर्षे पुरली. वाक्प्रचाराने देश गिळला नाही हे खरे. पण गिळणाऱ्याला ढेकर देताना लाज वाटू नये एवढे काम त्याने केले.

याच्या अगदी उलट्या बाजूचे एक उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. ब्रिटिशांच्या दडपणाखाली ब्राझीलने १८३१ मध्ये गुलामांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला आणि तो पाळला मात्र नाही. तेव्हापासून केवळ देखाव्यासाठी केलेल्या कशालाही तिथे 'इंग्रजाला दाखवण्यापुरते' म्हणतात, असे सांगितले जाते. इथे नाव इंग्रजांचे आहे पण थट्टा आपल्याच ढोंगाची आहे. असे शब्द थोडे असतात.

मराठीत दोन्ही जाती आहेत. पानिपत हा शब्द आपण परीक्षेपासून निवडणुकीपर्यंत कुठल्याही धूळधाणीला लावतो. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले ते इतके मोठे होते की गावाच्या नावाला दुसरा अर्थ उरलाच नाही. फ्रेंच माणूस याच भावनेने 'ही तर बेरेझिना झाली' म्हणतो: नोव्हेंबर १८१२ मध्ये नेपोलियनच्या माघार घेणाऱ्या सैन्याने आजच्या बेलारूसमधली ती नदी ओलांडली, बर्फाळ पाण्यात उभे राहून पूल बांधणारे सैनिक आणि मागे राहिलेली हजारो माणसे तिथेच संपली. बेरेझिनाकाठच्या बेलारूसी माणसाला ती साधी नदी आहे. पानिपतच्या माणसाला आपले गाव म्हणजे घोंगड्या, सतरंज्या आणि जगभरातल्या जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा सूत काढणाऱ्या गिरण्या. त्या गावाला आपण काही वाईट म्हणत नाही. म्हणतो ते आपल्या पराभवाला.

'द्राविडी प्राणायाम' मात्र वेगळा. सरळ नाक धरायचे सोडून डोक्यामागून हात फिरवून नाक धरणे, हे दक्षिणेतल्या कोणी कधी केले म्हणून हा शब्द पडला असे मला वाटत नाही. आपला मार्ग सरळ आणि दुसऱ्याचा वाकडा, एवढे गृहीत धरले की तो आपोआप तयार होतो. आणि 'मोगलाई' तर आपले अस्सल टेक्सास आहे. 'काय मोगलाई लागून गेली आहे की काय?' हे वाक्य अजूनही कानावर येते. मोगलाई म्हणजे केवळ दिल्लीच्या बादशहाचा अंमल नव्हे. इंग्रजी मुलखातली मराठी माणसे हद्दीपलीकडच्या निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणत. म्हणजे आजचा मराठवाडा त्यात आलाच. हद्दीच्या अलीकडे कलेक्टर होता, पलीकडे तालुकदार होता, शेतसारा दोन्हीकडे वसूल होत होता, पण बेबंदशाहीचे नाव पलीकडच्याला मिळाले. १९४८ मध्ये ते संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, हद्द पुसली गेली. मागासपणाविषयीची चर्चा सुरू झाली की त्या हद्दीच्या अलीकडून आजही जो सूर लागतो, त्यात मला ती मोगलाई ऐकू येते, तोंडाने कोणी तो शब्द उच्चारत नसले तरी. पानिपत मी लिहिताना बिनदिक्कत वापरतो. मोगलाई आणि द्राविडी प्राणायाम वापरायचे झाले तर आधी वाक्य एकदा बदलून पाहतो, आणि आतापर्यंत दर वेळी त्यांच्याशिवाय काम भागले आहे.